चित्रांतली पंचवटी : ‘उत्तररामचरितां’तील पूर्वसूचना

श्रोतेहो, नाशिकला येणारा यात्रेकरू गोदावरी ओलांडून पंचवटींत शिरला म्हणजे त्याची वाट बहुधा ठरलेली असते. रामकुंडांत स्नान, काळारामाचें दर्शन, तेथून चार पावलांवर वडाच्या झाडांजवळ सीतागुंफा, आणि पाय थकले नसतील तर पुढें कपिला-गोदेच्या संगमावरील तपोवन. सीतागुंफेंत वाकून, अंग चोरून उतरावें लागतें. बाहेर येतांना प्रत्येकाच्या तोंडीं तीच गोष्ट असते : येथें राम-सीता सुखानें राहिलीं, आणि येथूनच सीतेला रावणानें नेलें. सुख आणि वियोग हीं दोन्ही एकाच जागेशीं अशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत.

ह्याच जागेची पार्श्वभूमि घेऊन संस्कृत नाट्यवाङ्मयांतील एक अत्यंत करुण अंक लिहिला गेला. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तो तिसरा अंक. पण पंचवटी त्या नाटकांत तिसऱ्या अंकीं प्रथम येत नाहीं. पहिल्या अंकांतच ती एकदां येऊन गेलेली असते, आणि ती येते चित्राच्या रूपानें. पहिल्या अंकांतली पंचवटी चित्रांतली आहे आणि सीता खरी आहे. तिसऱ्या अंकांतली पंचवटी खरी आहे आणि सीता मात्र सांवलीसारखी अदृश्य आहे. ह्या दोन पंचवटींच्या मध्यें जें दुःख घडतें, त्याची चाहूल कवीनें आधींच कशी दिली, आणि ती तशी कां दिली, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

येथें एक शंका सहज निघते. रामायणाची कथा ज्याला ठाऊक नाहीं असा प्रेक्षक भवभूतीच्या काळींहि विरळाच असेल. राम सीतेचा त्याग करणार, हें सूत्रधार रंगभूमीवर येण्यापूर्वींच सर्वांना माहीत असतें. मग पुढें काय होणार ह्याची सूचना देण्याचें कवीला कारणच काय? ज्याला वाट पाठ आहे त्याला वाटेवरच्या पाटीचा उपयोग कोणता?

ह्या शंकेचें उत्तर आपल्या कीर्तनपरंपरेंत सांपडतें. श्रियाळ-चांगुणेचें आख्यान लागलें म्हणजे चिलयाबाळाचें काय होणार, हें देवळाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेल्या आजीबाईलाहि ठाऊक असतें. तरीहि चांगुणेनें बाळाला शाळेंतून घरीं बोलावलें कीं आजीबाईचा पदर डोळ्यांकडे जातो. तो कां जातो? बाळाला जें ठाऊक नाहीं तें तिला ठाऊक असतें म्हणून. पुढचें दिसत आहे, पण हात पुढें करून अडवितां येत नाहीं, ही जी अवस्था, तींतूनच करुणेचा जन्म होतो. पुढें काय होणार हें न कळल्यानें उत्कंठा वाढते. तें कळून चुकल्यानें करुणा वाढते. करुण नाटकांतील पूर्वसूचना ह्या दुसऱ्या कामासाठीं असते.

आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं ह्या गोष्टीचा विचार फार बारकाईनें केला आहे. कथेचा जो अंश आरंभीं थोडासा पेरला जातो व पुढें अनेक अंगांनीं विस्तारतो, त्याला त्यांनीं ‘बीज’ म्हटलें. बोलणारा एका अर्थानें बोलतो आणि त्याच्या बोलण्यांतून, किंवा भोवतालच्या योगायोगानें, पुढें घडणारा भलताच अर्थ सूचित होतो, अशा स्थळाला त्यांनीं ‘पताकास्थानक’ असें नांव दिलें. भरताच्या नाट्यशास्त्रांत त्याचे ४ प्रकार सांगितले आहेत. पताका म्हणजे निशाण. सैन्य अजून दृष्टीस पडलेलें नसतें, पण टेकडीच्या माथ्यावर निशाणाचें टोंक दिसूं लागतें, तसेंच हें स्थळ, असें म्हणावयास हरकत नाहीं.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकांत दुर्योधन आपली राणी भानुमती हिला आपल्या मांडीवर बसण्यास सुचवीत असतो. तोंच कंचुकी घाबऱ्या घाबऱ्या येतो आणि कांहीं तरी मोडल्याची वार्ता ओरडून सांगतो. त्याला सांगावयाचें असतें तें एवढेंच कीं, सोसाट्याच्या वाऱ्यानें रथाचा ध्वज मोडला. परंतु भीमाची प्रतिज्ञा ज्याच्या ध्यानांत आहे त्या प्रेक्षकाला ध्वज दिसतच नाहीं. त्याला दुर्योधनाची मांडी दिसते, आणि त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’मध्यें एक ज्योतिषी सीझरला मार्च महिन्यांतील ठराविक दिवसाविषयीं सावध करतो. ‘मॅक्बेथ’मध्यें चेटकिणी भविष्य वर्तवितात. ह्या सूचना प्रभावी आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या सर्व बाहेरून येतात. वारा, ज्योतिषी, चेटकीण ह्यांच्या रूपानें जणूं दैवच नायकाच्या दाराशीं येऊन उभें राहतें.

भवभूतीचा मार्ग ह्याहून निराळा आहे, आणि माझ्या मतें तो अधिक कठीण आहे. त्याच्या पहिल्या अंकांत भावी अनर्थाची सूचना देणारा जवळजवळ प्रत्येक शब्द प्रेमाचा आहे. घरांतलीं माणसें एकमेकांना सुख देऊं पाहतात, आणि त्या सुख देण्याच्या धडपडींतच दुःखाचें बीं पेरलें जातें. हेंच आजच्या भाषणाचें सार आहे. आतां तें नाटकांत पाहूं.

प्रथम कवीविषयीं दोन शब्द. भवभूति हा विदर्भांतील पद्मपूरच्या घराण्यांतला. हें पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवाजवळचें गांव, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. कवीचा काळ इसवी सनाच्या ८ व्या शतकाचा पूर्वार्ध मानतात. कनोजचा राजा यशोवर्मा ह्याच्याशीं त्याचा संबंध होता असें कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून कळतें. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ हीं त्याचीं तीन नाटकें. ‘उत्तररामचरिता’चे ७ अंक आहेत. १९ व्या शतकांत परशुरामतात्या गोडबोले यांनीं हें नाटक मराठींत आणलें.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हां रामाचा राज्याभिषेक होऊन गेला आहे. पाहुणे आपापल्या घरीं परतले आहेत. पित्याची, जनकाची, पाठवणी झाल्यामुळें सीता खिन्न आहे, आणि ती गर्भवती आहे. कौसल्यादि माता, कुलगुरु वसिष्ठ व अरुंधती हीं सारीं ऋष्यशृंगाच्या यज्ञासाठीं गेलीं आहेत, आणि तो यज्ञ १२ वर्षांचा आहे. आपल्याकडील कोणत्याहि गृहिणीला ह्या एका गोष्टींतला धोका तात्काळ जाणवेल. घरांत सून गरोदर आहे आणि घरांत वडील माणूस नाहीं! कवि ह्यावर कसलेंहि भाष्य करीत नाहीं. पण पुढें जेव्हां घाला येतो, तेव्हां रामाचा हात धरून ‘थांब’ म्हणणारें घरांत कोणी उरलेलें नसतें, ह्याची तजवीज त्यानें आरंभींच करून ठेवली आहे.

ह्याच्याहि आधीं, प्रस्तावनेंतच, सूत्रधार व नट हे अयोध्येचे नागरिक होऊन बोलत असतात. बोलतां बोलतां सूत्रधार म्हणतो कीं, माणसाची वाणी काय किंवा स्त्री काय, त्यांच्या निर्दोषपणाविषयीं दुर्जन नेहमींच वांकडें बोलणार. त्यावर नट सांगतो कीं, सीतादेवीविषयींहि लोक तसेंच कुजबुजतात. राक्षसाच्या घरांतील वास्तव्य ते विसरत नाहींत, आणि अग्निशुद्धीवर त्यांचा विश्वास नाहीं. हें राजाच्या कानांवर गेलें तर काय होईल, ह्या भीतीनें सूत्रधार चरकतो. देव व ऋषि सर्व नीट करतील, असें नट त्याला धीर देतो. येथें एक गोष्ट लक्षांत घ्या. राम रंगभूमीवर येण्यापूर्वींच प्रेक्षकाला ती कुजबुज ऐकविली गेली. ह्यापुढें रामाच्या व सीतेच्या प्रत्येक हसण्यामागें प्रेक्षकाच्या कानांत ती कुजबुज चालूच राहणार. राम सोडून बाकी सर्वांना जें ठाऊक आहे, त्याच्या ओझ्याखालीं आपण पुढचा अंक पाहतों.

आतां अष्टावक्र मुनि वडिलधाऱ्यांचे निरोप घेऊन येतात. निरोप दोन आहेत. अरुंधती व माता सांगून पाठवितात कीं, सीतेला जे डोहाळे होतील ते विनाविलंब पुरवावे. वसिष्ठ सांगून पाठवितात कीं, तूं तरुण आहेस, राज्य नवें आहे, तेव्हां प्रजेला संतुष्ट ठेवण्यांत दक्ष राहा. दोन्ही निरोप प्रेमाचे, दोन्ही योग्य. परंतु नाटकाची सारी शोकांतिका ह्या दोन निरोपांच्या टकरींत आहे. एक निरोप राम ह्या पतीला आहे, दुसरा राम ह्या राजाला आहे; आणि एकाच दिवशीं, एकाच रथानें, तो दोन्ही आज्ञा पाळणार आहे.

वसिष्ठांच्या निरोपाला उत्तर देतांना राम भरल्या उत्साहानें एक वचन उच्चारतो. प्रजेच्या समाधानासाठीं आपण स्नेहावर, दयेवर, सुखावर पाणी सोडूं. वेळ आली तर जानकीलाहि दूर करूं, आणि त्याची आपल्याला खंत वाटणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. हें वाक्य उच्चारतांना सीता शेजारीं बसलेली आहे. ती दचकत नाहीं. उलट, म्हणूनच आर्यपुत्र रघुकुलाचे धुरीण शोभतात, अशा अर्थानें ती त्याचें कौतुक करते. माणूस बोलण्याच्या भरांत टोंकाचें उदाहरण देतो तें अशक्य वाटतें म्हणूनच देतो. ‘एक वेळ प्राण देईन’ असें म्हणणाऱ्याला त्या क्षणीं मरण खरें वाटत नसतें. रामाचेंहि तसेंच झालें. पण शब्द उच्चारला गेला. तो ऋषींच्या साक्षीनें उच्चारला गेला, आणि ज्या व्यक्तीचा बळी जावयाचा तिनेंच त्याला मान डोलावली. पुढें दैवाला वेगळें कांहीं करावें लागत नाहीं. फक्त तो शब्द वसूल करावयाचा राहतो.

ह्यानंतर येतो तो चित्रदर्शनाचा प्रवेश. ह्याच प्रवेशावरून पहिल्या अंकाला ‘चित्रदर्शन’ असें नांव आहे. सीतेचें मन रमावें म्हणून लक्ष्मण सांगतो कीं, रामाचें चरित्र रेखाटलेलीं चित्रें तयार झालीं आहेत, तीं पाहूं या. कुठपर्यंत कथा आली आहे, असें राम विचारतो. वहिनींच्या अग्निशुद्धीपर्यंत, असें लक्ष्मण सरळपणें उत्तर देतो. त्या उत्तरानें राम व्यथित होतो. जी जन्मतःच पवित्र, तिला शुद्धि कसली, म्हणून तो सीतेची क्षमा मागतो. सुखासाठीं काढलेल्या चित्रांचा पहिलाच शब्द जखमेवर पडला. लक्ष्मणाचा हेतु केवढा निर्मळ, आणि परिणाम केवढा विपरीत!

मग चित्रें एकामागून एक येतात. मिथिलेचा विवाहसोहळा येतो. तिन्ही वहिनींचीं नांवें घेऊन लक्ष्मण स्वतःच्या पत्नीपाशीं, ऊर्मिलेपाशीं, अडखळतो, आणि ही चौथी कोण म्हणून सीता दिराची थट्टा करते. मंथरेचें चित्र येतें, आणि राम कांहींच न बोलतां पुढच्या चित्राकडे वळतो. नको तें चित्र टाळतां येतें, असा त्याचा त्या क्षणीं समज आहे. पुढें जनस्थान येतें, गोदावरी येते, पंचवटी येते. लक्ष्मण शूर्पणखेचें चित्र दाखवितो, आणि सीता एकाएकीं भयानें कळवळून उठते. आर्यपुत्रांचें दर्शन आतां संपलें, असेंच तिला वाटतें. राम तिला हसून धीर देतो कीं, वियोगाला भिणाऱ्या वेडे, हें नुसतें चित्र आहे.

श्रोतेहो, ह्या लहानशा समजुतीवर क्षणभर थांबा. हें नुसतें चित्र आहे, हें रामाचें म्हणणें शब्दशः खरें आहे. पंचवटींतला वियोग घडून गेला, रावण मेला, सीता परत आली. आतां भिण्यासारखें काय राहिलें? पण प्रेक्षकाला दिसतें कीं, भ्याली ती सीताच शहाणी ठरणार आहे आणि धीर देणारा रामच चुकणार आहे. चित्रांत ती भूतकाळ पाहते आहे, आणि आपण त्याच चित्रांत तिचा भविष्यकाळ पाहतों. एकच चित्र, पण पाहणाऱ्यांचे काळ दोन. पूर्वसूचनेचें ह्याहून सुंदर उदाहरण मला तरी आठवत नाहीं. आणि तें साधण्यासाठीं कवीला ना वीज पाडावी लागली, ना डोळा लववावा लागला. एका दिरानें वहिनीला दाखविलेलीं चित्रें पुरेशीं झालीं.

चित्रें पाहून सीतेला डोहाळा होतो कीं, पुन्हां त्या प्रसन्न वनांत हिंडावें आणि भागीरथीच्या पाण्यांत डुंबावें. वडिलांचा निरोप ताजाच आहे. राम तात्काळ लक्ष्मणाला रथ जोडावयास सांगतो. तुम्हीहि बरोबर यावें, असें सीता म्हणते, आणि हें का सांगावयास हवें, असें राम लाडानें विचारतो. म्हणजे वनांत जाण्याची इच्छा सीतेची, रथाची आज्ञा रामाची, ती आज्ञा पाळणारा लक्ष्मण. आणि तिघांच्याहि मनांत प्रेमाखेरीज दुसरें कांहीं नाहीं. तोच रथ थोड्या वेळानें तिला सोडून येण्यासाठीं उपयोगीं पडणार आहे. अनर्थासाठीं निराळा रथ जोडावा लागत नाहीं.

थकलेली सीता रामाच्या हातावर डोकें ठेवून झोंपी जाते. तिच्याकडे पाहत राम मनाशीं म्हणतो कीं, हिचें सर्वच आपल्याला प्रिय आहे. असह्य असेल तर तो एक हिचा विरह. हें वाक्य त्याच्या तोंडून संपतें न संपतें तोंच द्वारपालिका आंत येऊन वर्दी देते : महाराज, आला आहे! कोण आला? तिला सांगावयाचें असतें तें दुर्मुख नांवाच्या हेराविषयीं. पण प्रेक्षकाच्या कानांत रामाचें वाक्य आणि तिचें वाक्य एकमेकांना जोडलें जातें, आणि विरहच आला, असा अर्थ उभा राहतो. असें अकस्मात् येणारें आणि भलत्याच अर्थानें जुळणारें वाक्य शास्त्रकारांनीं ‘गंड’ ह्या नांवाखालीं वर्णिलें आहे. इतक्यांत सीता झोंपेंत रामाला हाक मारून तो कोठें आहे असें विचारते. चित्रें पाहिल्यानें तिच्या मनांत वियोगाचें भय राहून गेलें, असा राम त्याचा अर्थ लावतो. ह्यापुढें दुर्मुख त्याच्या कानांत लोकापवाद सांगतो.

मग जें घडतें तें कवीनें फार संयमानें लिहिलें आहे. राम झोंपलेल्या सीतेच्या उशाचा आपला हात काढून घेतो, तिच्या पायांवर मस्तक ठेवतो, आणि निघून जातो. सीता जागी होते. आपल्याला एकटें टाकून गेल्याबद्दल त्यांच्यावर रुसावें, असें ती ठरविते. पण त्यांना पाहिल्यावर रुसवा टिकला तर! एवढ्यांत रथ तयार असल्याचा निरोप येतो. देवांना, गुरुजनांना, पतीच्या चरणांना नमस्कार करून ती आनंदानें रथांत बसते. अंक संपतो. प्रेक्षकाला सारें ठाऊक आहे, तिला कांहींच ठाऊक नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. ह्या सर्व सूचना प्रेमाच्या शब्दांत पेरल्यानें कवीनें काय मिळविलें?

पहिली गोष्ट अशी कीं, त्यानें रामाला दैवाच्या आड लपूं दिलें नाहीं. सूचना ग्रहांनीं, शापांनीं किंवा अपशकुनांनीं दिली असती, तर सीतात्यागाचें खापर नशिबावर फोडून आपण मोकळे झालों असतों. कालिदासानें दुष्यंताला दुर्वासाच्या शापानें वांचविलें. भवभूतीनें रामाला असा कोणताहि शाप दिला नाहीं. दुष्यंत विसरला होता. राम कांहींच विसरलेला नाहीं. त्यानें स्वतःच वचन उच्चारलें, स्वतःच रथ जोडविला, स्वतःच हात काढून घेतला. ग्रीक नाटककार सोफोक्लीज ह्याचा ईडिपस राजा, पूर्वींच्या राजाचा खुनी कोण हें माहीत नसतां, त्या खुन्याला सर्वांदेखत शाप देतो, आणि तो शाप त्याच्यावरच उलटतो. स्वतःच्या शब्दाच्या फांसांत सांपडण्याची ही गोष्ट दोन्ही नाटकांत सारखी आहे. परंतु ईडिपसाला आपण कोण हें ठाऊक नव्हतें; रामाला सीता निष्पाप आहे हें पुरतें ठाऊक होतें. म्हणून रामाचें दुःख एका परीनें अधिक भयंकर आहे. अज्ञानाची ढाल त्याच्यापाशीं नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, पहिल्या अंकांत पेरलेल्या ह्या बीजांचा जाब कवि पुढें विचारतो, आणि तो विचारण्यासाठीं त्यानें जागा निवडली ती आपली पंचवटी. दुसऱ्या अंकापर्यंत १२ वर्षें लोटलीं आहेत. राम दंडकारण्यांत शंबूकावर शस्त्र उचलण्यास आला आहे. त्या शंबूकवधाविषयीं आजचा वाचक आणखी प्रश्न विचारील, आणि त्यानें ते विचारलेच पाहिजेत. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, त्या वेळीं राम आपल्याच उजव्या हाताला उद्देशून म्हणतो, गर्भवती सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तूं अवयव, तुला दया कुठली! सीता ज्यावर निजली होती, तो हात आपल्याला आठवतो.

तिसऱ्या अंकाचें नांव ‘छाया’. आपल्या मुलांच्या वाढदिवसानिमित्त सूर्याला फुलें वाहण्यासाठीं सीता गोदातीरीं आली आहे. भागीरथीच्या प्रभावानें ती कोणालाहि दिसत नाहीं. त्याच वेळीं राम तेथें येतो. पहिल्या अंकांत जें जें चित्रांत होतें, तें तें आतां प्रत्यक्ष समोर आहे. वासंती नांवाची वनदेवता, जी सीतेची मैत्रीण, त्याला एकेक खूण दाखविते. सीतेनें वाढविलेला हत्तीचा छावा आतां मोठा झाला आहे. केळींच्या बनांतली ती शिळा, जिच्यावर बसून सीता हरणांना गवत चारीत असे. तो लतामंडप, जेथें गोदेच्या वाळवंटांत हंसांशीं खेळत राहिलेल्या सीतेची राम वाट पाहत असे. हीं चित्रें टाळून पुढें जातां येत नाहीं. मंथरेचें चित्र ओलांडणारा राम पंचवटीच्या भूमीवर मूर्च्छित पडतो.

आणि मग वासंती विचारते. ती त्याला रामभद्र म्हणत नाहीं. महाराज म्हणते, आणि त्या एका संबोधनांतला दुरावा रामाला बोंचतो. कां केलेंत हें, असा तिचा सरळ प्रश्न. लोकांना सहन होईना, असें राम सांगतो. लोकांना कां सहन होईना? तें त्यांचें त्यांनाच ठाऊक. ह्या उत्तरानें वासंतीचें समाधान होत नाहीं. तुम्हांला कीर्ति प्रिय होती ना, मग ह्याहून मोठी अपकीर्ति ती कोणती, आणि त्या बिचारीचें रानांत काय झालें असेल ह्याची काय कल्पना केली आहे, असें ती त्याला विचारते. पहिल्या अंकांत उत्साहानें उच्चारलेल्या वचनाचा हा जमाखर्च आहे. जानकीचा त्याग करतांना खंत वाटणार नाहीं म्हणणारा तो राम येथें हमसून रडतो. विशेष हें कीं, अदृश्यपणें उभी असलेली सीता वासंतीवरच रागावते. सखे, इतकें कठोर कां बोलतेस, असें तिला वाटतें. पहिल्या अंकांत तिनें रामाच्या वचनाला मान डोलावली होती. येथेंहि ती त्याचीच बाजू घेते. आपण मात्र, श्रोतेहो, वासंतीच्या बाजूला उभे असतों, आणि तरीहि रामाबद्दल आपले डोळे ओले होतात. दोष दिसावा आणि दयाहि यावी, हीच शोकनाट्याची खरी कसोटी आहे.

कोणी म्हणेल, ‘उत्तररामचरित’ शोकान्त कुठें आहे? वाल्मीकीच्या कथेंत सीता भूमिगत होते. भवभूतीनें मात्र सातव्या अंकांत राम-सीतेचें मीलन घडविलें. आक्षेप बरोबर आहे. पण त्या सुखाचीं बीजेंहि कवीनें त्याच चित्रदर्शनांत टाकलीं होतीं. गंगेचें चित्र दिसतांच राम तिला प्रार्थितो कीं, ह्या सुनेवर तूं कृपादृष्टि ठेव. पुढें खरोखरच भागीरथी आणि पृथ्वी ह्याच सीतेला आधार देतात. जृंभकास्त्रें पाहून राम सांगतो कीं, हीं तुझ्या संततीला प्राप्त होतील. पांचव्या अंकांत लव तींच अस्त्रें सोडतो, आणि तो कोणाचा मुलगा ह्याची पहिली खूण पटते. एकाच प्रवेशांत वियोगाचें आणि मीलनाचें बीं शेजारीं शेजारीं पेरलें गेलें आहे. तरीहि अखेरचें मीलन मधलीं १२ वर्षें पुसून टाकूं शकत नाहीं. नाटक गोड झालें, तरी मनांत राहते ती पंचवटी.

ही रीत केवळ जुन्या नाटकांतच राहिली असें नाहीं. नाशिक ही ज्यांची कर्मभूमि, त्या वि. वा. शिरवाडकरांनीं ‘मॅक्बेथ’वरून १९५४ मध्यें ‘राजमुकुट’ लिहिलें. तेथें भविष्य बाहेरून, चेटकिणींच्या तोंडून येतें. परंतु १९७० मध्यें रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘नटसम्राट’ ह्या नाटकांत, ज्याला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कोणीच भविष्य सांगत नाहीं. शेक्सपिअरच्या लिअर राजाप्रमाणें गणपतराव बेलवलकर आरंभींच आपलें सर्वस्व मुलाला आणि मुलीला वांटून देतात. तें देणें प्रेमाचें आहे, मोठ्या मनाचें आहे. आणि तें पाहतांनाच प्रेक्षकाच्या काळजांत चर्र होतें. म्हातारपणीं हाताशीं कांहीं न ठेवणाऱ्या बापाचें पुढें काय होतें, हें आपल्या घरांत, आपल्या आळींत आपण पाहिलेलें असतें. तेथें रामायणाचें काम प्रेक्षकाचा संसारानुभव करतो. ८ व्या शतकांतील विदर्भाचा कवि आणि २० व्या शतकांतील नाशिकचा नाटककार ह्यांनीं दुःखाचें बीं एकाच जमिनींत पेरलें : माणसाच्या चांगुलपणांत.

तेव्हां, श्रोतेहो, एखादें करुण नाटक पाहतांना किंवा वाचतांना पुढें काय होणार ह्याचा छडा लावण्याच्या भरांत पडूं नका. तें बहुधा कवि स्वतःच सांगून टाकतो. त्यापेक्षां हें पाहा कीं, ती सूचना कोणाच्या तोंडून येते. ती वाऱ्याकडून किंवा ग्रहांकडून आली, तर नाटक आपल्याला दैवापुढें नम्र करतें. ती माणसाच्याच प्रेमाच्या, उत्साहाच्या, अभिमानाच्या शब्दांतून आली, तर तें आपल्याला आपल्या शब्दांविषयीं सावध करतें. जवळच्या माणसाला गृहीत धरून आपणहि मोठमोठीं वचनें देतों. घरचें माणूस शेजारीं बसून मान डोलावतें, आणि त्या वचनाची किंमत पुढें कोणी मोजावयाची हें दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं.

पुढच्या खेपेला पंचवटींत गेलांत, तर सीतागुंफेंतून बाहेर आल्यावर वडाच्या सांवलींत घटकाभर बसा. रावणानें केलेलें हरण तेथें सर्वांनाच आठवतें. भवभूतीला त्या जागीं दुसराच वियोग आठवला. तो कोणा राक्षसानें घडविला नव्हता. त्या वियोगाची पहिली चाहूल एका राजवाड्यांत, हसतखेळत चित्रें पाहतांना लागली होती, आणि जिला ती लागली तिची समजूत घालण्यांत आली होती कीं, हें नुसतें चित्र आहे.